हाकेला ओ : नित्यदिनीचे अनुसरण

परमेश्वर कृपाळू आहे, एवढे म्हणण्यास कोणासही प्रयास पडत नाहीत. तो कृपाळू असून जीवासाठी नेमके काय करतो, असे विचारले म्हणजे मात्र उत्तरे भलतीकडे वळू लागतात. पाऊस वेळेवर आला, मुलीचे लग्न जमले, कोर्टातील दावा सुटला, की ‘देवाने केले’ असे सहज तोंडून निघते. वासनिकांच्या घरांतूनही निघते. बोलणाऱ्याचा भाव वाईट नसतो. परंतु ब्रह्मविद्याशास्त्राचे श्रवण केलेल्याने या बोलण्यापाशी क्षणभर थांबावयास हवे. परमेश्वराचे कार्य कोणते हेच ज्याला उमगले नाही, तो त्या कार्याला प्रतिसाद तरी कसा देणार? हाक एका दिशेने यावी आणि ओ दुसऱ्याच दिशेला दिली जावी, असा तो प्रकार होतो.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सर्वज्ञांनी वेगवेगळे करून दाखविले. प्रपंच अनित्य, देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त आणि परमेश्वर नित्यमुक्त. कर्माची बरीवाईट फळे जीवाला भोगविण्याचा व्यापार देवतांकडे आहे; त्या जे देतात ते सरणारे असते, मग ते स्वर्गाचे सुख असो की घरातील धान्याची रास. परमेश्वराला या देण्याघेण्यात गोडी नाही. त्याला व्यसन आहे ते एकच, जीवोद्धरणाचे. व्यसनी मनुष्य ऊन-पाऊस पाहत नाही, मानापमान पाहत नाही, आणि समोरचा त्या योग्यतेचा आहे की नाही याचा हिशेबही करीत बसत नाही. अनादी अविद्येत निजलेल्या जीवाला जागे करावे, त्याला ज्ञान द्यावे, प्रेम द्यावे आणि आपल्या आनंदाचा भागीदार करावे, हा त्या व्यसनाचा विषय. परमेश्वराचे कार्य म्हणतात ते हे. म्हणून त्याची हाक धान्याच्या राशीतून येत नाही आणि रास गेली म्हणून ती हाक थांबतही नाही.

आता हे कार्य कोठे घडले ते पाहावे. लीळाचरित्राची पाने उलटताना नव्या वाचकाला कधी कधी अचंबा वाटतो. एवढा मोठा ग्रंथ. आणि त्यात काय, तर गोसावी अमुक गावी गेले, अमुक देवळात आसन झाले, बाइसांनी पूजा केली, आरोगणा झाली, पहुड झाला, उपहुड झाला, मग विहरणाला बिजे केले. भक्तांचे रुसवे आहेत, भिक्षेला कोणते अन्न मिळाले ते आहे, कोणाच्या ओसरीवर काय बोलणे झाले ते आहे. पर्वत हलविल्याच्या कथा शोधणाऱ्याची येथे निराशा होते. परंतु जरा विचार केला तर याच गोष्टीने जीव निवतो. परमेश्वराने आपले कार्य करण्यासाठी राजसभा निवडली नाही. गोदावरीच्या काठची खेडी, पडकी देवळे, शेताचे बांध आणि भाजीभाकरीचे प्रसंग एवढ्यातच त्याने जीवोद्धरणाचे काम चालविले. जेथे जेथे ते घडले तेथे तेथे आज ओटा आहे. एका ओट्यावर स्वामी बसले होते, दुसऱ्यापाशी उभे राहिले होते, तिसऱ्यापाशी कोणाशी दोन शब्द बोलले होते. उभे राहण्याच्या जागेचेही ‘स्थान’ व्हावे, यावरून पंथाच्या पूर्वजांनी साध्या क्षणाची किंमत किती केली होती ते कळते.

पारध्यांच्या भयाने धावत आलेला ससा स्वामींच्या जानूखाली शिरला, ही लीळा लहान मुलांनाही पाठ असते. पारधी मागून आले, आपली शिकार मागू लागले. स्वामींनी शरण आलेल्याला दिले नाही आणि पारध्यांनाही हिडिसफिडिस न करता समजाविले. त्या सशाने कोणते शास्त्र ऐकले होते? त्याला एवढेच कळले होते की धावावयाचे आहे आणि येथे आसरा आहे. अनुसरणाचा आरंभ पुष्कळदा याहून अधिक ज्ञानाने होत नाही. पुढचे ज्ञान देणे हे ज्याचे काम आहे तो ते देतो.

ऋद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या संनिधानात तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. श्रीप्रभूंची लीळा अशी की, पाहणाऱ्याने वेड म्हणावे. मुलांत खेळावे, कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरावे, मातंगांच्या घरी जाऊन खावे, सेवा करणाऱ्यावर रागवावे, हवे ते तत्काळ मागावे. गावातील लोक एका तोंडाने त्यांना वेडे म्हणत आणि दुसऱ्या तोंडाने मायबाप म्हणत. पाण्याचे गाऱ्हाणे घेऊन आलेल्यांना त्यांनी विहिरीची जागा दाखविली, निराधार गरोदर स्त्रीचे केले. हे सर्व ज्यांनी जवळून पाहिले त्यांच्यापुढे रोज एकच प्रश्न उभा असे : आज प्रभूंना जे हवे आहे ते आपल्याला समजो वा न समजो, आपण उठणार की नाही?

एके वेळी श्रीप्रभूंना लग्नाची प्रवृत्ती झाली. भक्तजनांनी लग्नाची सारी सिद्धता केली. मंडप झाला, हळद झाली. आणि मग लग्नाचे धवळे गाण्याची आज्ञा झाली. ती झेलली महदाइसांनी. महदाइसा म्हणजे वैधव्य आलेली, संसारापासून दूर झालेली स्त्री. त्या काळच्या लोकरीतीप्रमाणे लग्नमंडपाच्या दारातही तिने दिसू नये. तिने पुढे व्हावे, ओवाळणाऱ्या सवाष्णीच्या जागी उभे राहून श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचीत रचीतच गावे, ही आज्ञा साधी नव्हती. सबबी पुष्कळ होत्या. ‘मला काव्य येत नाही’ म्हणता आले असते. ‘हा प्रभूंचा खेळ आहे, त्यात शास्त्र काय?’ असे मनात आणून गप्प बसता आले असते. परंतु ज्या महदाइसा शास्त्रातील प्रत्येक गोष्ट खोदून खोदून विचारीत आणि ज्यांच्या जिज्ञासेचे स्वामींनी कौतुक केले होते, त्याच महदाइसांनी या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी गायिले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून साहित्याचे अभ्यासक आज त्यांचा गौरव करतात. तो योग्यच आहे. मात्र त्या दिवशी ऋद्धपुरात कोणी कवयित्री होण्यास बसले नव्हते. प्रभूंनी मागितले आणि एका भक्त स्त्रीने दिले, एवढेच घडले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. प्रश्न विचारणे आणि आज्ञा पाळणे यांत महदाइसांना विरोध वाटला नाही. काही साधक केवळ विचारीतच राहतात. प्रकरणाचा अर्थ पूर्ण लागेपर्यंत आचाराला हात घालावयाचा नाही, असा त्यांचा नेम असतो. दुसरे काही विचारणेच पाप समजतात. या दोन्ही प्रकारच्या लोकांनी महदाइसांचे चरित्र एकदा शांतपणे वाचावे.

संनिधान होते तोवर हाक कानांनी ऐकू येत होती. खरी कसोटी पुढे लागली. शके ११९६ मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले आणि भक्तपरिवार ऋद्धपुरी श्रीप्रभूंच्या सेवेत आला. पुढे सुमारे तेरा-चौदा वर्षांनी श्रीप्रभूंचेही संनिधान संपले. भटोबासांची अवस्था त्या काळी काय झाली असेल! पूर्ववयात उग्र आणि उनाड असलेला हा पुरुष स्वामींच्या एका दृष्टीने पालटला होता. ज्याने पालटविले तोच डोळ्यांआड झाला. आता कोणाच्या आज्ञेने उठावयाचे आणि कोणाच्या आज्ञेने बसावयाचे? भटोबासांनी त्याचे उत्तर स्मरणात शोधले. ऋद्धपुरी असतानाच ते एकांती बसून स्वामींच्या लीळा एकामागून एक आठवीत. कोणत्या गावी कोणती लीळा झाली, कोणास उद्देशून कोणते वचन निघाले, त्या वेळी जवळ कोण होते, हे सर्व ते मनाशी उजळीत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि काय चालले आहे म्हणून विचारले.

हे म्हाइंभट कोण, हेही सांगावयास हवे. सराळ्याचे गाढे विद्वान, घरी संपन्नता, विद्येचा अभिमान इतका की वादात आपल्यापुढे कोणी टिकत नाही असा लौकिक. डोंबेग्रामी ते स्वामींशी वाद करण्यासाठी गेले आणि निरुत्तर होऊन परतले. निरुत्तर होणे निराळे आणि अनुसरणे निराळे. त्यांचे अनुसरण लागलीच झाले नाही. अनुसरले तेव्हा स्वामी डोळ्यांपुढे नव्हते. ज्याला प्रत्यक्षात जिंकता आले नाही त्याच्या संनिधानाचे दिवस आपण अभिमानात दवडले, ही रुखरुख अशा पुरुषाला जन्मभर पुरली असती. तिने काही जण खचतात. म्हाइंभटांच्या ठिकाणी तिने काम उभे केले. भटोबास आठवतात ते भटोबासांबरोबर जाईल, मग पुढच्यांनी काय करावे, हा प्रश्न त्यांच्या मनात उठला आणि शके १२०० च्या सुमारास लीळा लिहून काढण्याचा उद्योग सुरू झाला.

त्या उद्योगाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ज्याच्या तोंडी न्याय-मीमांसेची वाक्ये खेळत, तो विद्वान आता गावोगाव हिंडून साध्यासुध्या माणसांना विचारू लागला : ‘तुम्ही स्वामींना पाहिले? कोठे? काय म्हणाले?’ कोणाजवळ एकच लीळा, कोणाजवळ अर्धीच. एकाने सांगितलेले दुसऱ्याकडून ताडून घ्यावयाचे, पुन्हा भटोबासांना दाखवावयाचे. पांडित्याचा ताठा अशा कामात कसा टिकावा? ज्यांच्याशी बोलणे पूर्वी कमीपणाचे वाटले असते, त्यांच्या आठवणीपुढे आता हात पसरावे लागत होते. स्वामींनी डोंबेग्रामी वादात जे खंडिले होते, त्याचा उरलेला चुरा या हिंडण्यात गळून गेला असे म्हटले तर वावगे होऊ नये. परमेश्वराचे कार्य आणि जीवाचा प्रतिसाद येथे एकमेकांत असे गुंतले आहेत की, कोणते कोठे संपते हे सांगणे कठीण पडते.

भाषेचाही प्रसंग याच मालिकेतला. केशोबासांसारख्या पंडितांचा ओढा संस्कृताकडे होता. त्यांची योग्यता मोठी; सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ यांची सिद्धता त्यांच्याच हातून झाली. परंतु संस्कृतात लिहिले तर आपल्या परिवारातील म्हाताऱ्या वंचित होतील, म्हणून भटोबासांनी त्यांना वारिले. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वत्र आनंद झाला. महानुभावांना तर तो विशेषच झाला. तरी हे विसरू नये की भटोबासांनी मराठीचा आग्रह धरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भाषेचा मान नव्हता. अक्षरओळख नसलेल्या, भिक्षेचे अन्न खाऊन झाडाखाली बसणाऱ्या काही वृद्ध स्त्रिया होत्या. त्यांच्यापर्यंत हाक पोचली पाहिजे, मग ग्रंथाला विद्वानांची मान्यता मिळो वा न मिळो.

असो. पूर्वजांच्या गोष्टी ऐकताना अंगावर रोमांच येतात आणि घरी गेल्यावर दिवस जसा चालू होता तसाच चालू राहतो, हा नित्याचा अनुभव आहे. म्हणून आता वासनिकाच्या घराकडे वळावे.

संनिधान नसताना जीवाला चार आधार सांगितले आहेत : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. यांतील चौथा आधार वासनिक स्वतःच आहे, ही गोष्ट वासनिकांच्या ध्यानात सहसा येत नाही. तो स्वतःला केवळ दाता समजतो. भिक्षुकाला अन्नवस्त्र दिले, यात्रेला गेला, विडा-अवसराला बसला, की आपला भाग संपला असे त्याला वाटते. अनुसरण हे संन्याशाचे काम. आपण प्रपंचात पडलो, आपल्याला कसली हाक? परंतु ज्याच्याकडे पाहून दुसऱ्या जीवाला परमेश्वराची आठवण व्हावी, असे स्थान शास्त्राने ज्याला दिले, त्याला हाक नाही असे कसे म्हणता येईल?

ती हाक कोणत्या रूपाने येते, याचे उदाहरण वऱ्हाड-मराठवाड्यातील कोणत्याही गावात सापडेल. वासनिकाचे घर आहे. घरातील पाच-सहा वर्षांचे मूल तापाने फणफणले आहे. तालुक्याच्या दवाखान्यात दाखविले, औषध चालू आहे, उतार नाही. शेजारच्या बायका येतात, पाव्हणेरावळे येतात. त्यांचा जीव तुटत असतो म्हणूनच ते बोलतात. कोणी अंगारा पुढे करते, कोणी दोरा बांधावयास सांगते. शेवटी घरातीलच कोणी वडीलधारे म्हणते की, अमुक देवीला बोकड बोला. आपल्या पणजोबांच्या वेळेपर्यंत बोलत होते, ते बंद केले म्हणूनच हे मागे लागले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. पण कायदा उंबऱ्याच्या आत, आजारी मुलाच्या उशाशी, कितीसा येतो? तेथे ती आई असते आणि तिची श्रद्धा असते.

त्या घडीला तिच्यापुढे जे उभे आहे ते मोठमोठ्या पंडितांच्या वादसभेत उभे राहत नाही. चार पदार्थ वेगळे आहेत हे तिने प्रवचनात शंभर वेळा ऐकले आहे. देवता आणि परमेश्वर एक नव्हेत, देवतेच्या उपासनेने परमेश्वराशी अनन्यता मोडते, हिंसा तर सर्वथा वर्ज्य, हेही ऐकले आहे. आता त्या ऐकण्याची किंमत तिच्याकडे मागितली जात आहे, आणि ती तिच्या लेकराच्या नावाने मागितली जात आहे. तिने नवस बोलला नाही आणि मूल बरे झाले, तर लोक औषधाचा गुण म्हणतील. नवस बोलला नाही आणि मूल दगावले, तर जन्मभर तिला ऐकावे लागेल. आणि बाहेरच्यांनी तोंडे मिटली तरी रात्री तिचे स्वतःचे मन बोलल्यावाचून राहणार नाही.

अशा आईला काय सांगावे? ‘हे तुझ्या कर्माचे फळ आहे, भोगले पाहिजे’ असे तिच्या तोंडावर सांगणारा प्रवचनकार शास्त्र बरोबर सांगतो आणि वेळ चुकवितो. ससा जानूखाली शिरला तेव्हा स्वामींनी त्याला कर्मविपाक समजावून सांगितला नव्हता. प्रथम आसरा, मग निरूपण, हा क्रम स्वामींच्या लीळेत ठिकठिकाणी दिसतो. त्या घरी जाणाऱ्या भिक्षुकाने किंवा वासनिकाने आधी बसावे. दवाखान्यात न्यावयाचे असल्यास गाडी जोडावी, रात्री जागावयाचे असल्यास जागावे, पैसा लागत असल्यास मुकाट्याने द्यावा. पंचावतारांचे नाम त्या उशाशी हळू आवाजात चालावे. औषध हे प्रपंचातील साधन आहे, ते प्रपंचातील देहासाठी घेण्यात अनन्यतेला कोठेही बाध येत नाही. म्हणून उत्तम वैद्य, उत्तम दवाखाना शोधण्यात कसूर होऊ नये. काही अतिउत्साही मंडळी औषधालाही अविश्वास समजतात. त्यांनी आपला उत्साह स्वतःच्या देहापुरता ठेवावा.

आणि आईने परमेश्वराला हाक मारू नये काय? येथे शास्त्राचा कोरडा अर्थ लावून पुष्कळांनी घोटाळा केला आहे. परमेश्वराकडे प्रपंचातील वस्तू मागणे हे अल्प मागणे आहे, यात शंका नाही. परंतु दुःखात त्याची आठवण होणे ही वेगळी गोष्ट आहे. लेकराच्या दुःखाने व्याकूळ झालेला जीव ‘प्रभो’ म्हणून विव्हळला, तर त्या विव्हळण्यात सौदा नसतो. सौदा नवसात असतो : इतके दिलेस तर इतके देईन. देवतेशी सौदा चालतो, कारण तिचे देणेच मोजून असते. परमेश्वराशी तो चालत नाही, कारण त्याला घ्यावयाचे काहीच नाही. म्हणून त्या आईने रडावे, प्रभूचे नाम घेऊन रडावे, आणि दाराशी बोकड बांधू देऊ नये. तो बोकडही भयाने ओरडणारा एक जीवच आहे. जानूखाली ससा लपविणाऱ्याच्या नावाने जगणाऱ्या घरात एका लेकराच्या जिवासाठी दुसऱ्या मुक्या लेकराचा जीव द्यावयाचा नाही, एवढे तिने धरून ठेवले तर तिने ओ दिली. तिला चार पदार्थांचे लक्षण त्या घडीला सांगता येणार नाही. न येवो.

मूल बरे झाले तर आनंदच आहे. परंतु तेव्हाही ‘आमच्या देवाने पाहा कसे केले’ अशी शेजाऱ्यांवर कुरघोडी करण्याचा मोह टाळावा. तसे बोलणे म्हणजे परमेश्वराला पुन्हा देवतांच्या रांगेत नेऊन बसविणे होय. आणि मूल गेले तर? तर त्या घरी जाणे सोडू नये. दहा दिवस सर्वच येतात. सहा महिन्यांनी, वर्षाने, त्या आईला स्मरणाला बसवत नाही, पोथी उघडवत नाही, आरतीत उभे राहवत नाही, तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसणारा कोणी असला पाहिजे. भटोबासांनाही विरहात अन्न गोड लागत नव्हते. त्यांना कोणी श्रद्धाहीन म्हटले नाही. वासनिक हा आधार म्हणून सांगितला आहे तो अशा दिवसांसाठी.

याच संदर्भात घरातील स्त्रियांविषयी एक गोष्ट बोलावीशी वाटते. विटाळाच्या दिवसांत स्मरणाला बसू नये, पोथीला शिवू नये, असे काही वासनिक घरांत आजही पाळतात. देहाला जशी इतर मळांची द्वारे तशीच ही एक देहाची रीत आहे, तिने धर्माला विटाळ होत नाही, असे स्वामींनी आपल्या परिवारातील स्त्रियांना सातशे वर्षांपूर्वीच समजाविले. एवढ्या स्पष्ट निरूपणानंतरही शेजाऱ्यापाजाऱ्यांची रूढी घरात शिरते, आणि महिन्यातले चार दिवस परमेश्वराची हाक ऐकण्याची मनाई घरातूनच होते. याला काय म्हणावे?

शेत, बाजार, नोकरी या ठिकाणच्या प्रतिसादाविषयी फार विस्तार नको. तराजू सरळ धरणे, मजुराचा रोज संध्याकाळी हातावर ठेवणे, पाणी गाळून घेणे, मुक्या जनावराला पराणी न टोचणे, हे सर्वांना ठाऊक आहे. जे ठाऊक आहे ते करण्याचाच प्रश्न आहे. एवढे मात्र सांगावेसे वाटते की, सकाळच्या स्मरणाला वेळ नाही असे म्हणणाऱ्या वासनिकाने आपल्या दिवसाचा एकदा प्रामाणिक हिशेब मांडावा. नांगराच्या मागे चालताना, गाडीत बसून तालुक्याला जाताना, दवाखान्याच्या रांगेत उभे असताना नाम घेता येते. लीळा आठविता येतात. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. ज्यांच्या त्या लीळा, त्यांचेच बहुतेक आयुष्य रस्त्यावर गेले.

भिक्षुकवर्गाची गोष्ट अधिक नाजूक आहे. वस्त्र घेतले म्हणजे हाकेला ओ देऊन झाली, पुढे काही द्यावयाचे उरले नाही, असा एक समज नकळत बळावतो. नित्यदिनी सांगितली ती कशासाठी? पहाटेचे स्मरण, विजन, घरे न निवडता मागितलेली भिक्षा, अटन, एका ठिकाणी फार न रमणे, ही सर्व रचना ओ रोज नव्याने देता यावी म्हणून आहे. काल ज्या घरी आदर झाला त्या घरावरून आज मुद्दाम पुढे जावे, यात मन मोडते. आणि मन मोडणे हेच तेथे अपेक्षित आहे. आज आश्रम वाढले, इमारती झाल्या, वाहने आली, उत्सवांच्या पत्रिका छापल्या जातात. त्यातून धर्मप्रसार होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. वृद्ध आणि आजारी साधूंना निवारा मिळतो, हे तर पुण्याचेच आहे. परंतु ज्या तपस्विनीने वर्षानुवर्षे झोळी घेऊन अनोळखी दारी उभे राहण्याचा नेम सोडला नाही, तिच्याकडे पाहून मोठ्या महंतांनीही कधी कधी आपला आचार पडताळून पाहावा. तिला सभेत पुढची जागा क्वचितच मिळते.

म्हाइंभटांनी सिद्ध केलेला ग्रंथ फार काळ सुखाने राहिला नाही. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. इतके हिंडणे, इतके ताडून पाहणे, सर्व एका धाडीत गेले. तेव्हा पुन्हा तेच करणे भाग पडले, म्हणजे माणसांच्या आठवणीकडे वळणे. हिराइसांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांनी सांगितल्या. परशरामबासांसारख्यांनी जुळविल्या. एकाच्या आठवणीत एक शब्द, दुसऱ्याच्या आठवणीत दुसरा, असे झाले तेव्हा त्यांनी आपल्या मनाने एक खरा आणि एक खोटा ठरविला नाही. दोन्ही पाठ लिहून ठेवले, कोणाचा कोणता ते नोंदवून ठेवले. स्वामींच्या मुखातून काय निघाले हे आपल्याला ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असेच पुढच्यांना कळावे, एवढी निष्ठा त्यांनी राखली. हिराइसांनी ते सर्व पाठ केले तेव्हा पोथी जाणार आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या आपल्या रोज पहाटे उठत होत्या आणि आठवीत होत्या.